तीस पेपर आणि आमचे विनायकराव

ती बातमी आली तो बुधवार होता. अंगणात वांग्यांचे क्रेट भरणं चालू होतं. मला कॉलेजला उशीर झाला होता, म्हणून एका हातानं पोळी खात दुसऱ्या हातानं मोबाइलवर मेल बघत होते. विद्यापीठाच्या संशोधन समितीनं माझा पीएच.डी.चा विषय दुसऱ्यांदा परत पाठवला होता. आधीच्या संशोधनाचा आढावा अपुरा आहे, यात नवीन काय ते कळत नाही, सहा महिन्यांत पुन्हा सादर करा, आणि ही शेवटची संधी. यानंतर नोंदणी रद्द.

माझा चेहरा बघून विनायकराव, म्हणजे माझे यजमान, क्रेट खाली ठेवून आले.

"काय झालं? नापास?"

"नापास नाही हो. परत पाठवलंय."

"म्हंजे नापासच. फक्त शिकलेल्या लोकाईच्या भाषेत!"

पुढच्या सहा महिन्यांत मी पेपर शोधायला आणि वाचायला शिकले. त्या शिकण्याचे किस्से कुणी मुद्दाम साठवले नाहीत. घरातल्या कापडी पिशव्यांसारखं झालं. एकीत दुसरी कोंबत जावी, आणि एक दिवस कपाट उघडावं तर सगळ्या अंगावर! विनायकराव गेले त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारा एक किस्सा सांगतो, त्यावरून मला दुसरा आठवतो, आणि चहा थंड होतो. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

*

आधी थोडी ओळख. मी वरवट बकालला राहते आणि जवळच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.चं डोक्यात घेतलं. विषय घरचाच होता. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी खारं, आणि त्याच पाण्यावर आमची वांगी.

माझे गाईड वानखडे सर, जळगाव जामोदच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. समितीचं पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही आढाव्यात जे दिलंय ते वर्तमानपत्रातले लेख आहेत, कुणाच्या तरी नोट्स आहेत. संशोधनाचे पेपर किती वाचले?"

मी मनातल्या मनात मोजले. "दोन."

"पूर्ण?"

"एक पूर्ण नाही… आणि दुसरा सुरू करायचाय."

सर म्हणाले, "तीस वाचा. मग बोलू."

म्हणून दर रविवारी अकरा वाजता कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमचा वाचनवर्ग सुरू झाला. मी, आणि सरांचे एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी. रोशन जळगाव जामोदचाच. काजल शेगावहून बसनं यायची. विनायकराव मला मोटारसायकलनं सोडायला यायचे. पहिल्या रविवारी बाहेर बसायला जागा नव्हती, म्हणून ते आत येऊन मागच्या बाकावर बसले. दुसऱ्या रविवारी बाहेर सरांनी खुर्ची ठेवली होती. तरी ते आतच बसले!

बारावीला रसायनशास्त्रात राहिले होते ते. "तवापासून विज्ञानाचं आन माहं काही बाकी हाय," असं म्हणायचे.

*

पहिला धडा शोधायचा. मी इंटरनेटवर टाकलं, 'खारे पाणी वांगे'. भरल्या वांग्याच्या बावीस कृती आल्या. इंग्रजीत टाकलं, तर वांग्याला मीठ लावून किती वेळ ठेवावं याचे व्हिडिओ आले. अर्धा तास मी आणि काजल एक व्हिडिओ बघत बसलो. छान होता.

सर मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, संशोधन करायचंय की स्वयंपाक?"

मग त्यांनी सांगितलं की भाजीची नावं देशोदेशी बदलतात, शास्त्रीय नाव बदलत नाही, ते टाका. मी 'सोलॅनम मेलॉन्जेना' टाकलं आणि पेपरांचा पूर आला. विनायकरावांना ते नाव भयंकर आवडलं. पंधरा वर्षं आपण ज्याच्यामागं राबलो त्याचं असं भारदस्त नाव आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येईपर्यंत मोटारसायकलवर पाठांतर चालू होतं.

दुसऱ्या दिवशी ते शेगावच्या बाजारात माल घेऊन गेले. अडत्याचा मुनीम मान खाली घालून पावती लिहीत होता. त्यानं विचारलं, "नाव?" म्हणजे शेतकऱ्याचं. विनायकराव मालाकडं बघून ऐटीत म्हणाले, "सोलॅनम मेलॉन्जेना!"

मुनीमानं मान वर केली नाही. "राहणार?"

त्या पावतीवर 'श्री. सोलॅनम मेलॉन्जेना, रा. वरवट बकाल' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे. आमच्या फ्रीजवर अजून लावलेली आहे.

*

पेपर सापडला की लगेच वाचता येतो, असा माझा समज होता. तसं नसतं. बऱ्याच पेपरांना कुलूप असतं. वरचा सारांश तेवढा दिसतो, बाकी बंद.

"हे तर हॉटेलच्या बाहेर उभं राहून वास घेतल्यासारखं झालं," रोशन म्हणाला.

सर म्हणाले, "सरळ लेखकाला मेल करा. तुमचा पेपर हवाय म्हणून दोन ओळी लिहा. बहुतेक जण पाठवतात. आपला पेपर कुणी मागतंय, यानंच त्यांना बरं वाटतं."

मी दोन पानी मेल लिहिली. सुरुवात 'वरील विषयास अनुसरून' अशी, इंग्रजीत. सरांनी तिच्या तीन ओळी केल्या. रोशननं मात्र कुणाला न दाखवता आपली मेल पाठवून दिली आणि पुढच्या रविवारी पेपर हातात घेऊनच आला!

"बघा," सर खूश झाले. "काय लिहिलं होतंस?"

"तेच, जे तुम्ही सांगितलं. दोनच ओळी. आणि खाली कागदपत्रं जोडली."

"कसली कागदपत्रं?"

"दहावी-बारावीची मार्कशीट, रहिवासी दाखला, कॉलेजचं ओळखपत्र. आणि दोन पासपोर्ट फोटो. सगळ्यावर सही करून."

सरांनी कपाळाला हात लावला.

"सर, अर्जाले कागदं नाही जोडले तं तो बाद होते ना!"

सरांनी त्या शास्त्रज्ञाचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. पेपर सोबत जोडला आहे. तुमची सर्व प्रमाणपत्रं पाहिली. दहावीत गणितात फार चांगले गुण आहेत, अभिनंदन. दोन्ही फोटो परत पाठवत आहे, तुम्हाला पुढे लागतील.

*

वाचायचं कसं, हा दुसरा धडा. मी शिक्षिका असल्यामुळे पहिल्या शब्दापासून सुरुवात केली आणि महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवत गेले. न जाणो कुठली ओळ महत्त्वाची निघेल, म्हणून सगळ्याच ओळींवर फिरवला. बारा पानं! दोन मार्कर संपले.

सरांनी तो पेपर दोन बोटांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"मॅडम, हळद लावली का याले? लग्न कधी आहे?"

मग म्हणाले, आधी सारांश वाचा, मग चित्रं आणि तक्ते बघा, मग शेवट, आणि विषय आपल्या कामाचा असेल तरच प्रयोग कसा केला ते बारकाईनं वाचा. सुरुवातीची प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचली तरी चालते.

विनायकराव मागून म्हणाले, "मी तं पयलेपासून असंच करतो. पयले फोटो पाह्यतो."

"भाऊ, तुम्ही बरोबर करता," सर म्हणाले. मला मात्र तो दिवस फार जड गेला. एकवीस वर्षांच्या संसारात वाचनाच्या बाबतीत ते माझ्यापुढं गेले, तो पहिलाच दिवस!

*

सरांचा आणखी एक नियम होता. पेपर वाचला की तो एका वाक्यात सांगायचा, तोही त्या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला. रविवारी हा माणूस म्हणजे विनायकराव. वाक्य ऐकून ते फक्त एवढंच म्हणायचे, "मंग?" त्या 'मंग'पुढं काजलचे डोळे दोनदा भरून आले होते.

म्हणून तिनं बसमध्ये सराव करायचं ठरवलं. शेगावहून निघाल्यावर शेजारी बसलेल्या एका आजीबाईंना तिनं सगळा पेपर समजावून सांगितला. खाऱ्या पाण्यात मुळांना पाणी ओढताना कसा त्रास होतो, पानांच्या कडा आधी का जळतात, म्हणून नव्या रोपांना पहिले काही दिवस गोडं पाणी दिलं तर ती कशी तगतात. आजीबाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून ऐकत होत्या. पुढच्या सीटवरचे दोघं मागं वळले. तिकिटं झाली तसा कंडक्टरही येऊन दांडीला टेकला.

काजलनं शेवटी धाडस करून ते एक वाक्य सांगितलं, "म्हणजे काय, तर रोप लहान असताना खाऱ्या पाण्याचा त्रास जास्त होतो."

आजीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अवो बाई, एवढं शिकून तुले हे आत्ता समजलं?"

*

सातव्या की आठव्या पेपरात तारे आले. तक्त्यातल्या आकड्यांच्या डोक्यावर कुठं एक तारा, कुठं दोन, कुठं तीन. विनायकरावांनी विचारलं, "हे काय, हॉटेल हाय काय?"

सरांनी समजावलं, की दोन आकड्यांत फरक दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही. तो योगायोगानंही पडू शकतो. तारा म्हणजे हा नुसता योगायोग असण्याची शक्यता कमी. जितके तारे जास्त, तितकी ती शक्यता कमी. आणि एकदा करून भागत नाही, प्रयोग निदान तीनदा करायचा.

हे सरांनी सांगायला नको होतं.

संध्याकाळी जेवताना विनायकरावांनी घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "कालच्यापेक्षा भाजी चांगली झाली. पण तारा देता येत नाही. योगायोग असू शकते."

"असं?" मी म्हटलं. "मग प्रयोग पुन्हा करते."

दुसऱ्या दिवशी तेच वांगं, तोच मसाला, तेवढंच तेल. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी ताटात वांगं वाढायला घेतलं, तशी त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"तीन तारे देतो बाप्पा! पाह्यजे तं चार देतो! पण आता बस कर!"

*

एकदा रोशनला एक पेपर असा मिळाला की त्याला आनंदानं बाकावर बसवेना. आम्हाला हवं होतं तेच सगळं त्यात होतं. कुलूपही नव्हतं! खाऱ्या पाण्यावरची रोपं आणि गोड्या पाण्यावरची रोपं, शेजारी शेजारी फोटो, आणि खाली निष्कर्ष की यांनी सुचवलेली पावडर टाकली तर खाऱ्या पाण्यानं काही बिघडत नाही. मी लगेच आढाव्यात कुठं बसवायचा ते ठरवूनही टाकलं.

विनायकराव फोटोंकडं बराच वेळ बघत राहिले. मग कागद उचलून भिंतीवरच्या आरशासमोर घेऊन गेले. प्रयोगशाळेत हात धुवायच्या बेसिनवर छोटा आरसा होता.

"बे रोशन, इकडं ये. हे झाड पाह्य. आता हे दुसरं आरशात पाह्य."

झाड तेच होतं! डावीकडचं फाटलेलं पान दुसऱ्या फोटोत उजवीकडं फाटलेलं होतं, एवढाच फरक. एकच फोटो उलटा करून दुसऱ्यांदा छापलेला.

सर म्हणाले, "छापून आलं म्हणजे खरं, असं नसतं. हा धडा मी पुढच्या महिन्यात घेणार होतो."

रोशन बिचारा खालच्या आवाजात म्हणाला, "काका, तुमच्या कसं लक्षात आलं?"

"तुले तुह्या वर्गातली पोरं आरशात वळखू येत नाही काय?"

*

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तो किस्सा.

मार्च संपत आला होता. तेवीस पेपर झाले होते आणि नवीन काय, या समितीच्या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नव्हतं. प्रत्येक वेळी वाटायचं, हे तर कुणीतरी करून बसलंय. त्या रविवारी परदेशातल्या एका बाईंचा पेपर होता. प्रयोग नीटनेटका. कुंडीचा आकार, मातीचं वजन, रोज किती खारं पाणी घातलं, सगळं लिहिलेलं. काजल वाचत होती. मागून आवाज आला.

"कुंडीले खाली भोक होतं काय?"

काजलनं पान उलटलं, परत मागं आणलं. "काका, लिहिलेलं नाही."

रोशन म्हणाला, "कुंडी म्हटली की भोक असतेच ना, काका."

"तुह्या घरच्या कुंडीले असते. त्याईच्या घरची तुले काय मालूम?" मग सरांकडं वळून म्हणाले, "भोक असन तं मीठ पाण्यासंगं खालून निघून जाते. आपल्या काळ्या मातीतून ते कोठी जाते? तिथंच बसते. मंग त्याईचं वांगं आन आपलं वांगं एक कसं?"

सरांनी कपाटातून आधीचे सगळे पेपर काढले आणि आम्ही पाचही जण भोक शोधत बसलो. काहींनी लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी लिहिलंच नव्हतं.

"त्या बाईले विचारू," विनायकराव म्हणाले.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिह्य, कुंडीले भोक होतं काय. संपलं."

मी पाठवलेली ही सगळ्यात छोटी मेल. चार दिवसांत उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, मला माहीत नाही. कुंड्या माझ्या विद्यार्थिनीनं भरल्या होत्या. तिनं संशोधन सोडून आता केकचं दुकान काढलं आहे. तिला विचारून कळवते.

"बाई भली हाय," विनायकराव म्हणाले. "दुसरा कोणी असता तं 'हो, होतं' म्हणून मोकळा झाला असता."

पंधरा दिवसांनी एक फोटो आला. केकच्या दुकानाचा काउंटर, त्यामागं पांढरा एप्रन घातलेली हसरी मुलगी, हातात उलटी धरलेली जुनी कुंडी, आणि तळाच्या चार भोकांतून बाहेर काढलेली तिची चार बोटं!

तो फोटो विनायकरावांनी अख्ख्या वरवटला दाखवला. कुणाला काय समजलं देव जाणे, पण सगळ्यांनी बोटं मोजली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणात आमच्या काळ्या मातीत वांगी लावलेल्या कुंड्यांच्या दोन ओळी मांडल्या. एक भोकाची, एक बिनभोकाची. रोज सकाळी वहीत पानांची नोंद.

मे महिन्यात एका दुपारी ते शेतातून आले, ओसरीत बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेले होते.

उरलेले चार पेपर आम्ही माझ्याच ओसरीत वाचले. रविवारी अकरा वाजता सर, रोशन आणि काजल न सांगता येऊन बसायचे. कुंड्यांना पाणी मी घालत राहिले आणि वहीत नोंदी करत राहिले.

जुलैत समितीपुढं उभी राहिले. अध्यक्षांनी फाइल उघडलीही नाही. "मॅडम, तिसरी वेळ आहे. यात नवीन काय, ते एका वाक्यात सांगा."

मी म्हटलं, "सर, त्यांच्या कुंडीला भोक आहे, आमच्या जमिनीला नाही."

मग मी त्या चार बोटांचा फोटो पुढं केला. तो टेबलाभोवती एकदा फिरला, मग दुसऱ्यांदा फिरला. कडेच्या सदस्य बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. अध्यक्षांनी आता फाइल उघडली आणि दोन ओळींतल्या कुंड्यांच्या नोंदी शेवटपर्यंत वाचल्या.

"हा प्रश्न कुणाला सुचला?"

"माझ्या यजमानांना."

"अच्छा. कोणत्या विभागात असतात ते?"

"वांग्याच्या," मी म्हटलं.

सगळे मोठ्यानं हसले, आणि विषय मंजूर झाला.

विषय मंजूर झाल्याचं मी त्या परदेशातल्या बाईंना कळवलं, आणि भोकाचा प्रश्न विनायकरावांचा होता, हेही लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं. अभिनंदन. आमच्या प्रयोगशाळेत आता कुंडीला भोकं किती, हे लिहून ठेवायचा नियम केला आहे. प्राध्यापक विनायक यांना आमचे आभार सांगा, आणि आम्ही आणखी काय काय लिहायचं विसरतो, ते त्यांना विचारून कळवा.

या मेलला नऊ महिने झाले. उत्तर पाठवायचं राहिलं आहे.